हात लागलेला चेंडू

स्कोअररशी खेळाडूने बोलायचं नसतं, हा नियम मला ढोले भाऊंनीच शिकवला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. एका रविवारी दुपारी त्यांनी तो मोडला असता, नुसतं 'काहो' एवढंच म्हणाले असते, तरी मी वेगळा वागलो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. बोलायला हवं होतं ते मी. भाऊंनी त्यांचं काम आदल्या दिवशीच मैदानावर केलं होतं.

त्या वेळी आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुरात राहत होतो. दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. पुण्यामुंबईहून आमच्यासारखी कॉम्प्युटरवाली मंडळी एकामागून एक येत होती, डिझेलच्या आगगाडीने शहरात कामाला जात होती, आणि शनिवारचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. अशाच एका शनिवारी मुलीला घेऊन मी जवळच्या मैदानावर गेलो. जॅन्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून पळणारी पोरं, गवतावर चटया टाकून बसलेल्या सामोअन बाया, आणि मध्ये बेसबॉल चाललेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. निघणार इतक्यात मैदानाच्या मधून खणखणीत आवाज आला :

"ये बापा! ये, ये, ये! लाजून कायले रायला?"

मी थबकलो. ओरडणारा माणूस बुटका, रुंद, पायांत किंचित फाकलेला, मिशा काळ्याभोर आणि केस मात्र पांढरे व्हायला लागलेले. तो चेंडूला बोलावत होता. आणि चेंडू आला. जमिनीवरून सरपटत, वेडीवाकडी उडी मारत आला, आणि त्या माणसाने तो असा उचलून फेकला की जणू कोणाचा खाली पडलेला रुमाल परत करतोय.

मॅच संपल्यावर मी जाऊन मराठीत बोललो. त्यांना नवल वाटलं नाही.

"कुठले जी तुमी?"

"पुणे."

"असू द्या," ते म्हणाले. "इथं सगळेच कुठून ना कुठून आलेले हायेत."

भाऊ अमरावतीचे. विदर्भात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात हे आम्हा पुण्याच्या लोकांच्या गावीही नसतं. आमच्या लेखी क्रिकेट हा खेळ आणि बाकी सगळं पी.टी. भाऊ तिकडे शाळेत पी.टी.चेच मास्तर होते. बायकोला, शोभावहिनींना, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली म्हणून तेही आले. इथे त्यांच्या पदवीला कोणी विचारलं नाही. ते एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत. त्याबद्दल मी त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही. कुरकुर त्यांनी राखून ठेवली होती ती जमीन नीट न दाबणाऱ्या कौन्सिलच्या माणसांसाठी.

'ढोले' हे नाव टीममधल्या कोणालाही उच्चारता येत नसे. त्यांनी त्याचं 'डॉली' केलं होतं. वहिनींना ते अजिबात खपत नव्हतं.

"बाईचं नाव आहे ते," त्या मला म्हणाल्या. "तिकडे मुलं यांना बघून चळचळ कापायची, भाऊजी. इथे डॉली!"

"डॉली म्हनतात आन् बॉल माह्याकडंच फेकतात," भाऊ म्हणाले. "बाकी काय घेनंदेनं हाये?"

भाऊ सेकंड बेस सांभाळायचे. त्यांच्या शेजारी, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर, सिओने नावाचा टोंगन बसड्रायव्हर खेळायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजीही दोघांचं कामापुरतं. पण सिओने 'ये बापा' शिकला होता. मैदानाच्या मधोमध एक धिप्पाड टोंगन आणि एक बुटका वऱ्हाडी गळा काढून 'ये बापा' ओरडायचे. एकदा समोरच्या टीमने तक्रार केली की हे दोघं खुणेच्या भाषेत बोलतात. अंपायरने भाऊंना बोलावून विचारलं. भाऊ शांतपणे त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "मी बॉलला बोलावतो. बॉलची काही तक्रार आहे का?" अंपायर हसला आणि खेळ सुरू झाला. पुढच्याच चेंडूला भाऊंनी त्याच टीमचे दोघं एकदम बाद केले.

दोघं एकदम, म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण भाऊंचा सगळा जीव त्यात होता. बेसबॉलमध्ये पळणाऱ्याच्या आधी चेंडू बेसवर पोचला की पळणारा बाद. मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलायचा, सेकंड बेसवर फेकायचा. सेकंडवाल्याने बेसवर पाय ठेवून तो घ्यायचा, की एक बाद. आणि त्याच दमात वळून फर्स्ट बेसवर फेकायचा, की दुसरा बाद. अडचण अशी की पहिला बाद होणारा पळत येऊन बुटांच्या खिळ्यांसकट सेकंडवाल्याच्या पायांवर घसरत येतो. तो बाद होणारच असतो, पण जाताजाता त्याला सेकंडवाल्याची फेक बिघडवायची असते.

"त्याच्याकडं पाहाचं नायी," भाऊ सांगायचे. "पाहिलं का गेलात. तो येतेच. तो लागतेच. आपन फेकाचं आन् मंग पडाचं. पडून फेकाचं नायी."

त्यांच्या दोन्ही नडग्यांवर व्रण होते. ते चड्डी घालून बसले की व्रण मोजून दाखवायचा मोह त्यांना कधी झाला नाही. पण हातांना मात्र चैन नसे. सुपरमार्केटात टोमॅटो निवडताना ते डाव्या हाताने उचलत, तिकडे न बघता उजव्यात टाकत आणि तिथून पिशवीत. शेजारी कोणी उभं राहून बघत असे. ग्लोव्हला ते खोबरेल लावायचे. कपडे बदलायच्या खोलीत भाऊ आले की आधी तो वास यायचा, आणि गोरी पोरं नाकं मुरडून 'डॉली इज हिअर' म्हणायची. पुढे त्यातल्या निम्म्या पोरांच्या ग्लोव्हजना तोच वास येऊ लागला.

अमरावतीला त्यांच्या कोचकडे अमेरिकेतली जुनी मासिकं होती. कोणीतरी दिलेली, मुखपृष्ठं गेलेली. भाऊ त्यांतून इंग्रजी शिकले आणि तिकडचे मोठमोठे सेकंड बेसवाले त्यांना घरच्या माणसांसारखे झाले. त्यांची नावं ते कमी घ्यायचे, कामं सांगायचे. एक असा होता की चेंडू त्याच्या हातात किती वेळ राहिला हे फोटोतसुद्धा सापडत नसे. एक असा, की उतारवयात पाय गेले तरी बॅटर कसा उभा राहतो ते बघून चेंडूच्या आधी जाऊन उभा राही. मी एकदा विचारलं, "पण यांची कारकीर्द मोजतात कशात? होम रन किती वगैरे?"

भाऊंचा चेहरा कडू झाला.

"मोजनारे तेच मोजतात. बॅटवाल्याची कमाई दिसते. सेकंडवाल्याची कमाई काय? जो रन झालाच नायी, तो. आता जो झालाच नायी तो लिहिता का तुमी? त्याची फक्त चूक लिहून ठेवतात. म्हनून सेकंडवाल्याले स्कोअरर चांगला लागते. बायको एकवेळ डावीउजवी चालते."

"ऐकू येतंय," आतून वहिनी म्हणाल्या.

हे बोलणं झालं त्याच दिवशी मी स्कोअरर झालो. क्लबचा जुना स्कोअरर वेलिंग्टनला बदलून गेला होता, आणि मी पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय हे मी कधीतरी मोठेपणाने सांगितलं होतं. भाऊंनी ते लक्षात ठेवलं. टेबलावर चार वाट्या मांडून त्यांनी मला खेळ शिकवला. तीन बेस आणि एक घर. शेंगदाणे पळायचे, वाटाणा चेंडू.

"आता ऐका पेन्सिलवाले," ते म्हणाले. तेव्हापासून मी पेन्सिलवाले. "सगळ्यात मोठी गोष्ट हे. बॅटर बेसवर पोचला. तर हिट, म्हंजे त्याची कमाई, लिहाची का माही चूक लिहाची? ते तुमी ठरवता. अंपायर नायी. नियम असा : साधा सेकंडवाला, साधी मेहनत. त्याच्यानं झालं असतं आन् माह्यानं नायी झालं, तर माही चूक. त्याच्या बापाच्यानं झालं नसतं आन् मी नुसता हात लावून आलो, तर हिट."

"पण हात लागला होता ना?"

"मंग?"

"आमच्याकडे हात लागला म्हणजे कॅच सुटला म्हणतात."

भाऊंनी वाटाणा उचलून तोंडात टाकला आणि चावत माझ्याकडे बघत राहिले.

"हात लावायले तिथवर गेलो, हा गुन्हा हाये का जी? जो जागचा हललाच नायी त्याले तुमी साधू म्हनान मंग."

मी मान डोलावली. मला कळलं. मला त्या दिवशी, त्या टेबलावर, पूर्ण कळलं होतं. हे पुढच्यासाठी लक्षात असावं.

"आन् एक," ते म्हणाले. "आजपासून मैदानावर मी तुमाले ओयखत नायी. लिहिलेलं बदलाचं असन तर तुमाले मॅच संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत सवड असते. पन बदलाचं ते तुमच्या मनानं. खेयाडूनं स्कोअररशी बोलाचं नायी. बोलला त्याची किंमत गेली."

शनिवारी मैदानावर खरोखरच ते माझ्या टेबलाजवळून अनोळखी माणसासारखे जायचे, आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन भज्यांची थाळी संपवायचे.

आता ब्रिस्बेनचं सांगतो.

भाऊ तरुणपणी महाराष्ट्राकडून खेळले, तिथून देशाच्या शिबिरापर्यंत गेले. यादीत नाव होतं, मग एका सकाळी नव्हतं. 'का' ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्यांना ब्लेझर वाटले जात असताना ते तिथेच उभे होते. ही हकिगत मला वहिनींनी सांगितली. भाऊंनी स्वतः कधी नाही. इथे त्यांचं वय चाळिशीपार गेलं होतं, गुडघा रात्री शेकावा लागत होता, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात ठरलं की ऑकलंडच्या चार-पाच क्लबांतून एक निवडक संघ काढून ब्रिस्बेनला खेळायला न्यायचा. सेकंड बेसची एक जागा. दावेदार दोन : भाऊ, आणि दुसऱ्या क्लबचा एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. चांगला पोरगा होता. जे त्याच्याकडे यायचं ते तो धरायचा. त्याच्याकडे न येणाऱ्याच्या वाटेला तो जात नसे.

निवड करणाऱ्यांतला प्रमुख ग्रॅहॅम. सडसडीत, नम्र, कायम उन्हाने लालबुंद. त्याने सगळ्यांना सरळ सांगितलं होतं की सेकंड बेसला चुका किती हे बघू, बाकी आवडीनिवडी नकोत. शेवटच्या मॅचला आले तेव्हा दोघांच्या चुका सारख्या. आणि शेवटची मॅच त्या दोन क्लबांचीच. स्कोअरर मी.

शनिवार. मार्च महिना, म्हणजे इथे उन्हाळ्याची अखेर, गवत वाळलेलं, वारा बंदराकडून. ग्रॅहॅम माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला. त्याला सगळं दिसायला हवं होतं, आणि टेबलाची जागा त्यासाठी उत्तम. मी पेन्सिली टोकदार करून ठेवल्या होत्या. गरजेपेक्षा जास्त.

पोराकडून चूक झाली नाही. भाऊंकडूनही नाही. मॅच शेवटाकडे आली. पोराच्या टीमच्या बॅटरने एक चेंडू मारला, जमिनीला घासत, सेकंड बेसच्या पलीकडून, सिओनेच्या आणि भाऊंच्या मधून. तो गेलेलाच होता. सिओने थांबला. चेंडू टाकणाऱ्या पिचरने मान फिरवली. आणि भाऊ पळत होते. बेसच्या मागून, पाठ आमच्याकडे करून, आणि मग ते आडवे झाले, सगळं अंग जमिनीला समांतर, आणि चेंडू त्यांच्या ग्लोव्हच्या टोकाला अडकला. सगळ्या मैदानाने 'ओह' केलं. पडल्या जागेवरून ते गुडघ्यावर आले, चेंडू उजव्या हातात घ्यायला गेले, आणि तो निसटला. बॅटर फर्स्ट बेसवर पोचला.

मी पेन्सिल उचलली. हिट. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. साधा सेकंडवाला त्या चेंडूच्या आसपासही दिसला नसता. तो पोरगा तर नाहीच.

"तुझा मित्र ना तो?" ग्रॅहॅम म्हणाला. हसून, हळू, वाईट हेतूने नव्हे. "तुला अवघड जात असेल. तुझा निर्णय, अर्थातच."

आपल्याकडे पंगतीत वाढप्याने घरच्या माणसाच्या पानाकडे आधी बघायचं नसतं. पाहुण्यांना आग्रह करायचा, आपल्या माणसाला शेवटी, उरलं तर. मी त्या शिस्तीत वाढलो. त्यातच मी मोठा झालो आणि परदेशात आल्यावर तर ती जास्तच घट्ट धरली : कोणी म्हणू नये की हे लोक आपल्या माणसाला झुकतं माप देतात. ऑफिसात मराठी पोराचा अर्ज आला की मी तो सर्वांत कडक तपासायचो, आणि त्याला न्याय म्हणायचो. त्या क्षणी मी मैदानाकडे पाहिलंच नाही. ग्रॅहॅमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि चूक लिहिली. सेकंड बेसची चूक.

फळ्यावरचा चुकांचा आकडा बदलला. भाऊ गुडघ्यावरची माती झटकत होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मग ते जागेवर गेले, वाकले, आणि ओरडले, "ये बापा!" आवाज तसाच.

"प्रामाणिक माणूस आहेस," ग्रॅहॅम म्हणाला, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंकडे आमचं जेवण आधीच ठरलेलं होतं. टाळता आलं असतं. मी टाळलं नाही. गेलो तर सगळं ठीक आहे असं होईल, असा काहीतरी हिशेब असावा. मॅच चारच्या सुमाराला संपली होती. म्हणजे मला चारपर्यंत सवड होती. लीगच्या सेक्रेटरीला एक फोन, की 'मी विचार केला, ती हिट आहे.' तेवढंच. भाऊंच्या दिवाणखान्यातलं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं.

भाऊ छान बोलत होते. लसूण इथे कशी मिळमिळीत मिळते यावर बोलले. गोदामातल्या एका माओरी सहकाऱ्याने कामावर मोठ्या आवाजात 'किया ओरा', म्हणजे नमस्कार, म्हटलं की कपाटातले खोके कसे हलतात यावर बोलले. माझी बायको मृणाल हसत होती. मी झुणका भाकरी गिळत होतो. कालच्या मॅचचा एक शब्द नाही. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही.

"भाऊजी, तो कालचा बॉल..."

"शोभा, कढी वाढ त्याईले," भाऊ म्हणाले.

"वाढते हो. विचारू तर द्या."

"कढी वाढ."

वहिनींनी कढी वाढली. भाऊ उठले आणि मागच्या अंगणात फिजोआ गोळा करायला गेले. झाडाखाली पडलेली हिरवी फळं एक एक करून उचलताना ते खिडकीतून दिसत होते. डाव्या हाताने उचलायचं, उजव्यात टाकायचं, पिशवीत. मृणाल मुलीला बघायला आतल्या खोलीत गेली होती. वहिनी माझ्यासमोर बसल्या.

"ते विचारायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे. रात्रभर गुडघा शेकला मी, एक अक्षर नाही. एवढंच म्हणाले, त्यानं जे पाहिलं ते लिहिलं. मला यातलं काही कळत नाही, भाऊजी. तुम्ही सांगा. यांचं चुकलं होतं का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. वेळ होता. चांगला वेळ होता.

"नियम असा आहे वहिनी," मी म्हणालो, "की हात लागला होता."

त्यांनी माझी रिकामी वाटी उचलली. मग म्हणाल्या, "असेल. तुम्ही शिकलेले. मग चुकलंच असेल."

लिहिताना घाबरलो होतो, असं म्हणता येईल. हे बोलताना घाबरलो नव्हतो. समोर ज्या बाईला खेळातलं काही कळत नव्हतं तिला मी तिच्या नवऱ्याविरुद्ध खोटं सांगितलं, त्याच्याच घरात, त्याचं अन्न पोटात असताना. इतकी वर्षं मी जे कोणाला सांगितलं नाही ते हे. मैदानावरची चूक सिओनेसुद्धा विसरला असेल.

भाऊ फिजोआंची पिशवी घेऊन आले. आम्ही निघालो. दारात त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हात क्षणभर तसाच ठेवला, माझ्या हातावर. मला वाटलं आता बोलतील.

"पिकलेले वरतं हायेत," ते म्हणाले. "आधी ते खा."

गाडी मृणाल चालवत होती. फोन माझ्या मांडीवर होता. डेअरीपाशी तिने दुधासाठी गाडी थांबवली, मी आत बसून राहिलो. चार वाजून गेले.

पोराची निवड झाली. सरावाच्या मैदानावर ती जाहीर झाली तेव्हा पहिली टाळी भाऊंनी वाजवली, आणि नंतर त्या पोराला बाजूला घेऊन, वळताना त्याचा डावा पाय कुठे पडायला हवा ते दाखवत राहिले. ग्रॅहॅमने मला फोन केला. संघाबरोबर स्कोअररही जाणार होता. 'तुझ्यासारखा सरळ माणूस हवा,' तो म्हणाला. मी नाही म्हणू शकलो असतो. मी ब्रिस्बेनला गेलो.

जायच्या आधी भाऊ मला पापाकुरा स्टेशनवर भेटले. मी ऑफिसातून येत होतो, ते वहिनींना घ्यायला आले होते.

"ब्लेझर भेटला म्हने तुमाले."

"हो. सगळ्यांनाच देतात."

"कसा हाये? मापात?"

"बाह्या थोड्या लांब आहेत."

"आत दुमडून टाके घालून घ्या," ते म्हणाले. "कापू नका. कापला का कामातून गेला." आणि मग, "रंग कोनता?"

मी सांगितला. त्यांनी मान हलवली, रंग बरोबर निवडलाय अशी. तेवढ्यात गाडी आली आणि वहिनी उतरल्या. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या.

परत आल्यावर मी ब्लेझर कपाटात टांगला. मृणालने एकदा विचारलं, घालत का नाहीस. मी म्हणालो, इथे कुठे घालणार.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ खेळायला आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. नोव्हेंबरातली पहिलीच मॅच, गवत हिरवं, लोक थोडे. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत, आणि वर्षअखेरीस वहिनींना क्राइस्टचर्चला नोकरी मिळाली आणि ते तिकडे गेले. त्यामुळे मी त्यांना खेळताना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. मी टेबलावर होतो. शेजारची खुर्ची रिकामी.

मॅचच्या मधल्या भागात एक चेंडू आला. सेकंड बेसच्या पलीकडून, जमिनीला घासत. जवळजवळ त्याच वाटेने. सिओने थांबला आणि सवयीने भाऊंकडे वळला. भाऊ निघाले होते. दोनेक पावलं ते जोरात पळाले, आणि मग थांबले. अडखळले नाहीत, गुडघा धरला नाही. थांबले. ग्लोव्ह मांडीशी आला. चेंडू त्यांच्यापासून हातभर अंतरावरून मागच्या गवतात गेला.

तो चेंडू कोणालाही मिळणारा नव्हता. त्यांच्या बाकावरच्या पोरांनी बॅटरसाठी टाळ्या वाजवल्या. सिओने मात्र कमरेवर हात ठेवून भाऊंकडे बघत राहिला.

मी हिट लिहिली. नियमाप्रमाणे बरोबर होती.

मागच्या फिल्डरने चेंडू पिचरकडे परत फेकला. पुढचा बॅटर येऊन उभा राहिला. भाऊ अजून आमच्याकडे पाठ करून उभे होते, चेंडू गेला होता त्या गवताकडे बघत, आणि ते वळतील म्हणून पिचर चेंडू हातात धरून थांबला होता.